चंद्राचा मसुदा आणि आमची सामाईक विहीर

चिंचदरा, ता. पाथर्डी
दि. १८ मे

चि. निकिता हिला तिच्या नानाचे पोटभर आशीर्वाद.

इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुझ्या काकूचा डावा गुडघा दुखायचा थांबला आणि उजवा सुरू झाला, म्हणजे एकूण जमाखर्च तोच. मला साखर निघाली. डॉक्टरांनी गूळ, आंबा आणि संताप हे तीन पदार्थ बंद केलेत. पहिले दोन सुटले. म्हैस गाभण आहे. तुझी तब्येत कशी आहे, वेळेवर जेवतेस का, तिकडचा तो आंबट भात अजून पोटाला मानवतो का, ते कळव. तुझ्या वडिलांची तब्येत कशी आहे तेही कळव. (मी विचारलं असं त्याला सांगू नकोस. किंवा सांग. तुझ्या मनावर आहे.)

पत्रास कारण की, आणि ते कारण जरा लांबचं आहे, म्हणजे तीन लाख चौऱ्याऐंशी हजार किलोमीटर लांबचं, तेव्हा पाणीबिणी पिऊन बैस. तू म्हणशील, नाना, मोबाईल असताना पत्र कशाला? तर मोबाईलवर बोलताना कंस टाकता येत नाहीत आणि मला कंसाशिवाय खरं बोलता येत नाही, हे तू लहानपणापासून जाणतेस. दुसरं म्हणजे तुझा बेंगळुरूचा पत्ता. तू लिहून दिलेला कागद मी जपून ठेवला आहे, पण त्यात तू एकाच वेळी तिसऱ्या क्रॉसवर आणि चौथ्या मेनवर राहतेस, आणि पोस्टात विचारलं तर तेही डोकं खाजवू लागले. म्हणून पाकीट केडगावच्या, तुझ्या वडिलांच्या पत्त्यावर टाकतो आहे. तिथून ते पुढे तुला मिळेल. भागवतदादा कागदपत्रांच्या बाबतीत चोख आहे. लहानपणी घरात आलेलं प्रत्येक पाकीट तो चहाच्या आधणावर धरून उघडायचा, वाचायचा आणि बाभळीच्या डिंकानं असं चिकटवायचा की पोस्टमास्तरलाही कळू नये. आमच्या मामांनी पाठवलेल्या सगळ्या पत्रांतला मजकूर मला वडिलांच्या आधी कळायचा तो असा. असो.

तर गेल्या महिन्यात तू मोबाईलवर चौदा पानं पाठवलीस. ‘चंद्राजवळच्या अवकाशातील सुरक्षित व शाश्वत वावरासाठी राष्ट्रीय धोरण, मराठी मसुदा.’ आणि खाली लिहिलंस, नाना, आमच्या समितीनं हे केलंय, साध्या माणसाला कळतं का तेवढं सांगा. साधा माणूस म्हणून माझी निवड केल्याबद्दल आभारी आहे. (आपल्या घरात साधा माणूस एकच होता, तो केडगावला राहायला गेला.) मोबाईलवर अक्षर मुंगीएवढं, वाचता येईना, म्हणून पाथर्डीला जाऊन छापून आणलं. दुकानदारानं विचारलं, मोजणीची नोटीस आली का? मी म्हटलं, तसंच समजा. मग तीन दिवस दुपारी लिंबाखाली बसून तीनदा वाचलं. पहिल्या वाचनात ‘शाश्वत’ हा शब्द एकवीस वेळा आला आहे एवढंच कळलं. दुसऱ्यात मात्र सहाव्या पानावर मी ताठ होऊन बसलो, कारण हे कुणीतरी आमच्या विहिरीबद्दल लिहिलं आहे अशी माझी खात्री झाली.

तुम्ही म्हणता, पृथ्वी आणि चंद्र यांच्यामध्ये जागा अफाट आहे, पण उपयोगाच्या वाटा आणि थांबायच्या जागा मोजक्याच. त्यामुळे सगळ्यांची यानं तिथंच गर्दी करणार. तुम्ही म्हणता, ती जागा कुणाच्याच मालकीची नाही आणि कुणाला मालकी सांगताही येत नाही. बंद पडलेलं यान तिथंच सोडून दिलं तर मागून येणाऱ्यावर आदळेल. चंद्राच्या उजेडापुढे बारकी वस्तू दिसत नाही, म्हणून काय कुठं फिरतंय याचा पत्ता लागत नाही. म्हणून जाण्याआधी एकमेकांना सांगावं, वस्तूवर नाव असावं, आणि काम संपलं की ज्याची त्यानं नीट विल्हेवाट लावावी. आता सांग, यात आमच्या विहिरीला लागू होत नाही असं काय आहे?

तू विहिरीवर खेळलेली आहेस, पण तेव्हा तुझं लक्ष चिंचांकडे. तेव्हा पुन्हा सांगतो. विहीर आमच्या वडिलांनी खणली. वाटेकरी चार : मी, तुझे वडील, आणि आमचे चुलतभाऊ अंगद आणि आबासाहेब. तुझ्या वडिलांचं रान आता छगन वाट्यानं करतो. पाण्याची पाळी आठवड्याची बांधून दिलेली आहे आणि ती वही माझ्याकडे असते, म्हणून लोक मला विहिरीचे सेक्रेटरी म्हणतात. (काही लोक हसून म्हणतात.) विहीर केवढी, तर चांगली ऐसपैस, पण उन्हाळ्यात पाणी उरतं तळाच्या एका कोपऱ्यात, गाडीच्या चाकाएवढ्या खड्ड्यात, आणि चौघांच्या पाणबुडी मोटारी दोरांवर लोंबकळत त्याच खड्ड्यात घुसायला बघतात. कुणाचा दोर कुणाच्या पायपात अडकलाय हे कळत नाही. जुनी मोटार जळली की लोक नवी सोडतात, जुन्याचं काय झालं ते विचारायचं नसतं. वरून डोकावलं तर भर दुपारी पाण्यात आपलंच तोंड दिसतं, खालचं काही दिसत नाही. तुमचा तो चंद्राचा उजेड म्हणजे हाच.

म्हणून मी ठरवलं की धोरणावर नुसतं मत देण्यापेक्षा त्याची चाचणीच घ्यावी. गेल्या सोमवारी तिघांना विहिरीच्या काठावर बोलावलं आणि मसुदा वाचून दाखवला. अंगदचा पहिला प्रश्न होता की चंद्रावर आपला वाटा किती. कुणाचाच नाही, चंद्राला सातबारा नसतो, असं मी सांगितल्यावर आबासाहेब म्हणाला की मग भांडण कशाला होईल. त्याला समजावून सांगितलं की सातबारा असलेल्या जागेचं भांडण निदान कोर्टात जाऊन झोपी जातं, नसलेल्या जागेचं जागंच राहतं. हे त्याला पटलं. मग यान उतरताना उडालेली धूळ शेजाऱ्याच्या यंत्रावर जाऊ नये, हे कलम वाचलं तर तो एकदम उभाच राहिला, कारण अंगदच्या मळणी यंत्राचा भुस्सा दर साली त्याच्या वाळत घातलेल्या कुरडयांवर येतो. ते कलम जसंच्या तसं ठेवा, असा त्याचा तुमच्या समितीला निरोप आहे. अंगदचा निरोप असा की वाऱ्याची दिशा हा मुद्दा विचारात घेतलेला नाही. (चंद्रावर वारा नसतो हे मी त्याला सांगितलं, तर तो म्हणाला, मग तिथं मळणीला कुणी जाणारच नाही.)

एकूण ठराव झाला. यापुढे मोटार सोडण्याआधी बाकीच्या तिघांना सांगायचं, मोटारीवर नाव घालायचं, आणि विहिरीत पडलेलं सगळं सामान यंदा पाणी तळाला गेलं आहे तोवर गाळाबरोबर वर काढायचं. ज्याची वस्तू त्यानं ती उचलून न्यायची. इथंपर्यंत सगळे राजी. मग मी विचारलं की कुणाचं काय काय खाली पडलं आहे ते आधीच सांगा, म्हणजे यादी करू. तर निकिता, त्या विहिरीत गेल्या पन्नास वर्षांत कुणाचं काहीही पडलेलं नाही. छगन तर म्हणाला की तो घागरसुद्धा जपून बुडवतो.

आता इथं माझी चूक झाली. ती हुशारीची चूक होती, म्हणून जास्त लागते. मला पक्कं ठाऊक होतं की खाली अंगदच्या निदान दोन मोटारी आहेत. त्याला उघडा पाडायची ही संधी, म्हणून मी वहीत माझ्या हातानं एक जादा कलम घातलं : ज्यानं नाकारलं आणि ज्याची वस्तू तरीही निघाली, त्यानं विहिरीच्या सगळ्या वाटेकऱ्यांना काठावर बसवून स्वतः वाढून जेवण द्यायचं, आणि जेवणाआधी उभं राहून चूक कबूल करायची. आमच्याकडे जुनी माणसं बांध कोरणाऱ्याला हाच दंड करायची, तुला माहीत नसेल. चारही वाटेकरी पंगतीला हजर असल्याशिवाय दंड फिटत नाही, हेही त्या रिवाजातलंच. सगळ्यांनी सह्या केल्या. अंगदनं तर फार लवकर केली. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

गुरुवारी गाळ उपसायची यारी आणली. दोन माणसं खाली उतरली आणि वर येणाऱ्या प्रत्येक डब्यातला गाळ आम्ही काठावर पसरून बघू लागलो. पहिल्यांदा निघाल्या तीन बादल्या. कुणाच्याच नव्हत्या. मग सायकलची फ्रेम निघाली, तिची घंटी अजून वाजत होती. आबासाहेबानं तिच्याकडे असं पाहिलं की लग्नातली आहे हे सगळ्यांना कळलं, पण तो म्हणाला आपली न्हाई. मग एक मोटार. अंगदनं ती सगळीकडून फिरवून पाहिली आणि ही कंपनीच आपल्याकडे येत नाही म्हणाला. (त्या कंपनीची छत्री त्याच्या घरात आहे.) तू सहाव्या पानाच्या टिपेत लिहिलंयस ना, की मागे कुणाच्या तरी रॉकेटचा जुना तुकडा चंद्रावर आदळला, आधी एकाचं नाव घेतलं गेलं, मग दुसऱ्याचं, आणि दुसरा म्हणाला आमचा नव्हेच? ते वाचून मला मोठमोठ्या देशांबद्दल एकदम आपुलकी वाटली.

दुपारी जेवणाच्या सुमाराला दुसरी मोटार आली. गाळानं लिंपलेली, दोराचं गाठीसकट टोक अजून अडकलेलं. छगननं तिच्यावर कळशीभर पाणी ओतलं आणि अंगठ्यानं घासलं. खालून लाल तेलरंगातली अक्षरं निघाली. छगन एकेक अक्षर लावून मोठ्यानं वाचू लागला : श्री मोहटादेवी प्रसन्न. खाली नाव : गोरक्षनाथ.

नाव माझं होतं आणि अक्षर तुझ्या वडिलांचं. त्याचा ‘क्ष’ अजून कुणाला जमत नाही.

आता जे तुला अर्धंच माहीत आहे ते पुरं सांगतो. तू तेव्हा आठवीत होतीस. सोळा वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात मी ही मोटार नवी घेतली. तिच्यावर नाव दादानंच रंगवलं, नारळ त्यानंच फोडला, आणि सोडताना म्हणाला की दोर जुना आहे, दुहेरी घे आणि गाठीवर गाठ मार. मी म्हणालो, मला शिकवू नकोस. त्याच आठवड्यात पाळीच्या दिवसावरून आमचं वाजलं होतं, ते डोक्यात होतं. चार दिवसांनी सकाळी विहिरीवर गेलो तर पाईप मोकळा, वायर तुटलेली, मोटार नाही. मी सरळ वस्तीवर गेलो आणि माणसांच्या देखत म्हणालो, भागवतनं नेली. दादा नाही, नुसतं भागवत.

त्यानं आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाला :

“आधी गळ टाकून बघ, गोरख. मंग मला काय बोलायचं ते बोल.”

विहिरीत पडलेली बादली काढायचा लोखंडी गळ आमच्या पडवीत खुंटीवरच असायचा. उतरवून, दोर बांधून, विहिरीत फिरवायला फार तर पाव तास. मी तो गळ टाकला नाही. त्या दिवशी रागानं टाकला नाही. दुसऱ्या दिवशी लोक बघत होते म्हणून. मग तुम्ही केडगावला गेलात, आणि त्यानंतर मी का टाकला नाही ते मला आज नीट कळतं : मोटार खाली निघाली असती तर मी काय केलं असतं, याची भीती वाटत होती. म्हणजे मला मनातून शंका होती. निकिता, सोळा वर्षं शंका होती. गळ अजून त्याच खुंटीवर आहे. तुझी काकू दर दिवाळीला तो पुसून परत लावते आणि माझ्याकडे बघत नाही.

तर काठावर कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. यारीवाल्यानंही इंजिन बंद केलं, त्याला काय कळलं कोण जाणे. आबासाहेब सायकलकडे गेला आणि हळूच म्हणाला की ही बहुतेक त्याचीच असावी. मग अंगदनं पहिली मोटार उचलून खांद्यावर घेतली आणि घराकडे नेली. माझी लाज बघून दोघांनी आपापली वस्तू कबूल केली, याला माणुसकी म्हणायची की काय, मी अजून विचार करतो आहे. शेवटी छगननं वही उघडली, माझं कलम काढलं आणि अगदी अदबीनं विचारलं :

“नाना, जेवान कधी ठेवायचं?”

मी म्हणालो, चारही वाटेकरी हजर लागतात, असं कलमातच आहे. छगन म्हणाला, ते तर हाय.

तेव्हा मसुद्यावर माझं मत असं. कळतो. साध्या माणसाला चांगला कळतो. पण तुम्ही सगळा भर नोंदणीवर दिला आहे, आणि नोंदणी ही सोपी गोष्ट आहे. माझ्या मोटारीवर नाव होतं, तेही तेलरंगात, तरी ती सोळा वर्षं दुसऱ्याच्या नावावर चोरीची म्हणून चालली. नाव वस्तूवर असून भागत नाही, ते तोंडातून निघावं लागतं. तुम्ही उद्या आकाशात कितीही मोठ्या दुर्बिणी लावा, ज्याला बघायचंच नाही त्याला खुंटीवरचा गळही दिसत नाही. म्हणून माझी अशी सूचना की एखाद्या देशाची वस्तू हरवली तर त्यानं शेजाऱ्याकडे बोट करण्याआधी स्वतः गळ टाकून पाहावं, आणि पाहिल्याचं सगळ्यांना दाखवावं. (गळाच्या जागी समितीला योग्य वाटेल तो शब्द घालावा.) दुसरं असं की चुकून कुणाला बोल लावला गेला असेल तर तो मागे घ्यायची काहीतरी सोपी रीत लिहून ठेवा. तुमच्या चौदा पानांत धडक कशी टाळायची ते सगळं आहे, पण धडक झाल्यावर पुन्हा बोलायला सुरुवात कुणी आणि कशी करायची यावर एक ओळ नाही. देश मोठे असतात, त्यांना ते जमत असेल. आम्हाला जमत नाही. मी या तीन दिवसांत केडगावचा नंबर अकरा वेळा लावला आणि पहिल्या घंटीच्या आत बंद केला.

तिथं जाऊन काही वर्षांनी तुमची माणसं राहतीलही. राहोत. चंद्र मला आवडतो. लहानपणी दादा आणि मी खळ्यात निजायचो तेव्हा तो मला म्हणायचा की तुझा अर्धा आणि माझा अर्धा, आणि मोठा भाऊ असूनही मला उजेडाची बाजू द्यायचा. हे समितीला सांगायची गरज नाही. पण तिथं शांततेनं वागायचे नियम तू लिहितेस याचा मला अभिमान वाटतो. तू तुझ्या बापावर गेली आहेस. आधी बघावं, मग बोलावं, हे तुझ्या रक्तात तिकडूनच आलं आहे.

जपून राहा. रात्री उशिरापर्यंत मसुदे लिहू नकोस. तुझ्या काकूचे आशीर्वाद आहेतच.

तुझा,
गोरखनाना

ता. क. सोबत काकूनं कुरडया दिल्या होत्या, पण पाकिटात मावल्या नाहीत. अंगदच्या भुश्शापासून वाचलेल्या आहेत. कुणी इकडे येणारं असेल तर त्याच्याबरोबर देता येतील.

ता. क. २. आठव्या पानावर ‘संयुक्त समन्वय यंत्रणा’ असा शब्द आहे तो बदला. आमच्या इथं त्याला पाळीची वही म्हणतात. ती मी छगनच्या ताब्यात दिली आहे. ज्यानं न बघता बोलावं त्यानं सेक्रेटरी राहू नये असं मला वाटलं.

ता. क. ३. दादा, पाकीट तू आधणावर उघडलं असशीलच. मुद्दाम बाभळीचाच डिंक लावला होता, लवकर सुटावं म्हणून. निकिताला हे पुढं पाठवायची गरज नाही. मसुदा मला कळला एवढं मी तिला मोबाईलवर परवाच कळवलं आहे, आणि तिनं अंगठा पाठवला. हे पत्र पहिल्या ओळीपासून तुझंच आहे, फक्त वर तुझं नाव लिहायला हात धजला नाही. मोटार धुऊन पडवीत ठेवली आहे, गळाच्या खाली. गाठ एकेरीच होती, तू म्हणालास तशी. शनिवारी ये. चूक मला उभं राहून कबूल करायची आहे आणि तू बसल्याशिवाय पंगत सुरू होत नाही.